घरपोच वाईनचा हक्क आणि वस्तीतली धाड

गेल्या काही वर्षांपासून एक तक्रार वारंवार कानावर येते. बंगळुरूजवळच्या वायनरीतली वाईन पुण्यातल्या माणसाला घरबसल्या का मागवता येत नाही? मोबाईल येतो, पुस्तक येतं, औषध येतं, मग बाटलीच का अडते? इंग्रजी वर्तमानपत्रांत या विषयावर स्तंभ लिहिले जातात. त्यात व्यक्तिस्वातंत्र्य येतं, ग्राहकाची निवड येते, 'एक देश, एक बाजार' येतो. कायदा कसा जुनाट आहे, हे पटवून दिलं जातं.

ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. पण ती जिथे थांबते, तिथून आमचा प्रश्न सुरू होतो. जो कायदा पुण्यातल्या ग्राहकाची वाईन अडवतो, तोच कायदा पारध्यांच्या तांड्यावर, कंजारभाटांच्या वस्तीवर आणि आमच्या झोपडपट्टीत धाड घेऊन येतो. एका बाजूला त्याचं नाव 'गैरसोय' आहे, दुसऱ्या बाजूला त्याचं नाव 'गुन्हा' आहे. चर्चा मात्र फक्त गैरसोयीची होते.

कायदा नेमका काय आहे?

आधी कायदा समजून घेऊ. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली नोंद 8 मद्याचं उत्पादन, बाळगणं, वाहतूक, खरेदी आणि विक्री हे सगळं राज्यांच्या हाती देते. नोंद 51 नुसार मद्यावरचं उत्पादन शुल्क राज्यच लावतं. जीएसटी आला तेव्हाही माणसाच्या पिण्याचं मद्य त्याच्या बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे दारूच्या बाबतीत प्रत्येक राज्य हा वेगळा देश आहे, असं म्हटलं तरी चालेल. बाटली सीमेवर आली की तिला आयात परवाना लागतो, वाहतूक पास लागतो, त्या राज्याचं शुल्क भरावं लागतं. ग्राहकाला थेट कुरिअरने परराज्यातली बाटली मागवण्याची सोय या रचनेत बसत नाही. गोव्यात स्वस्त मिळणारी बाटली गाडीत टाकून बांद्याची सीमा ओलांडणारा माणूस महाराष्ट्रात आरोपी होतो, तो यामुळेच.

मग संविधानातल्या व्यापाराच्या स्वातंत्र्याचं काय? अनुच्छेद 301 म्हणतो की देशभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल. पण सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केलं की मद्याचा व्यापार करणं हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही. राज्य तो पूर्ण बंद करू शकतं, स्वतःच्या ताब्यात ठेवू शकतं किंवा अटी घालून परवाने देऊ शकतं. त्याच वेळी नोंद 51 मध्ये एक महत्त्वाची अट लिहिलेली आहे. देशात इतरत्र तयार झालेल्या मद्यावर लावायचं प्रतिशुल्क हे राज्यातल्या मद्यावरच्या शुल्काइतकंच किंवा त्याहून कमी असलं पाहिजे. घरच्याला एक दर आणि बाहेरच्याला जादा दर, असं चालणार नाही. समतेचं हे तत्त्व दोन राज्यांतल्या बाटल्यांना लागू आहे. आमचा सवाल असा की ते दोन वर्गांतल्या माणसांना का लागू होत नाही?

बालसरा खटल्याची आठवण

परगावची वाईन मागवण्याचा हक्क मागणारा पहिला मोठा खटला आपल्याच मुंबईतला आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एफ. एन. बालसरा या मुंबईकराने त्याला आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर, औषधी वाईन, यू डी कोलन, लव्हेंडर वॉटर या वस्तू बाळगण्याचा, वापरण्याचा आणि बाहेरून आणण्याचा आपला हक्क सरकारने मान्य करावा, अशी त्यांची मागणी होती.

25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरला. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्या बाबतीतल्या काही तरतुदी मात्र रद्द झाल्या. सैन्याच्या मेसना दिलेली सूटही न्यायालयाने मान्य केली. पुढे तब्येतीच्या कारणावरून परमिट घेण्याची वाट रुळली. डॉक्टरचा दाखला, अर्ज, शुल्क, आणि घरात बाटली कायदेशीर. ज्याच्याकडे ओळखीचा डॉक्टर आणि इंग्रजीत अर्ज करण्याची सोय होती, त्याच्यासाठी दारूबंदीत एक दार उघडं राहिलं. ज्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्याच्यासाठी हातभट्टी उरली आणि हातभट्टीसोबत पोलीस.

परमिट आजही आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, हे कित्येकांना माहीतही नसतं. एक दिवसाचा परवाना काही रुपयांत मिळतो, आजीवन परवाना 1000 रुपयांत. उच्चभ्रू बारमध्ये तो कोण विचारतं? पण देशी दारूच्या गुत्त्याबाहेर उभ्या असलेल्या बिगाऱ्यावर केस करायची असेल, तर कलम 66(1)(ब) हाताशी तयार असतं. वस्तीतल्या बाईकडे पाच-दहा लिटर गावठी सापडली की कलम 65(ई). मग जामीन, तारखा आणि वकिलाची फी. फी भरण्यासाठी कर्ज, आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा तोच धंदा. वस्त्यांमध्ये काम करताना हे चक्र आम्हाला जागोजागी दिसतं.

वाईन शेतीमाल, मोह मात्र गुन्हा

राज्य दारूच्या विरोधात आहे म्हणून वाईन अडते, असं कोणी समजू नये. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांपासून बनणाऱ्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. वाईनवर 20 टक्के व्हॅट घ्यायचा आणि त्यातला 16 टक्के उद्योगाला परत द्यायचा, अशी योजनाही राबवली. 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. विरोध झाला आणि तो निर्णय अडकला, ही गोष्ट वेगळी. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये आयात केलेल्या स्कॉचवरचं शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्के करण्यात आलं. जून 2025 मध्ये देशी दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरमागे 180 रुपयांवरून 205 रुपये झालं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचंही शुल्क तेव्हा वाढलं, वाईन मात्र त्यातून वगळली गेली.

शेतकऱ्याचं भलं व्हावं, याला आमचा विरोध नाही. पण मग मोहफुलं वेचणारा गोंड शेतकरी नाही का? मोहफुलांची साठवण आणि वाहतूक महाराष्ट्रात 2021 पर्यंत परवान्याच्या जाचात होती. फूल जंगलातलं, वेचणारी बाई आदिवासी, पण पोतं घेऊन रस्त्यावर आली की संशयित. द्राक्षाची दारू झाली की ती 'प्रक्रिया उद्योग' आणि मोहाची दारू झाली की 'सडकं रसायन'. दोन्हींत आंबवण्याची क्रिया एकच आहे. फरक आहे तो बनवणाऱ्याच्या आणि पिणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा.

गोव्याच्या फेणीचं उदाहरण घ्या. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. पण अबकारी कायद्यात तिची गणती वर्षानुवर्षं 'देशी दारू'त होत राहिली, त्यामुळे दुसऱ्या राज्यांच्या बाजारात तिला रीतसर वाट मिळणं अवघड झालं. स्कॉटलंडची बाटली सात समुद्र ओलांडून मुंबईच्या दुकानात मानाने बसते आणि शेजारच्या गोव्याच्या गावातली फेणी सीमेवर अडखळते. 'देशी', 'भारतीय बनावटीचे विदेशी' आणि 'विदेशी' ही वर्गवारीच बघा. उतरंड लावल्याशिवाय या देशाला बाटलीसुद्धा मोजता येत नाही!

अमेरिकेचा दाखला, पण पूर्ण

घरपोच वाईनचे समर्थक अमेरिकेचा दाखला देतात. तिथेही दारूचा कायदा राज्यागणिक बदलतो. 1920 ते 1933 या काळातल्या देशव्यापी दारूबंदीनंतर एकविसावी घटनादुरुस्ती झाली आणि राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात मद्य आणण्याला मनाई झाली. त्या आधारावर मिशिगन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी नियम केले. राज्यातल्या वायनरीने ग्राहकाला थेट वाईन पाठवली तर चालेल, बाहेरच्या राज्यातल्या वायनरीवर मात्र निर्बंध. 16 मे 2005 रोजी ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. परवानगी द्यायची तर दोघांना द्या, नाही तर कोणालाच देऊ नका, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर एकेका राज्याने दारं उघडली आणि आज बहुतेक राज्यांत दुसऱ्या राज्यातल्या वायनरीची पेटी 21 वर्षांवरच्या माणसाच्या सहीने घरी येते.

इथवरचा दाखला आपल्याला ऐकवला जातो. त्याच्या आधीचं पान कोणी उलटत नाही. 1920 च्या दारूबंदीत विक्री आणि वाहतूक बंद होती, पण आधीच घेऊन ठेवलेली दारू स्वतःच्या घरात पिणं गुन्हा नव्हता. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बंदी लागू होण्यापूर्वी तळघरं भरून घेतली. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर चालत होतं ते काय साठवणार? पोलिसांचा दंडुका स्थलांतरित मजुरांवर आणि काळ्या वस्त्यांवर पडला. कू क्लक्स क्लॅनसारखी वर्णद्वेषी संघटना दारूबंदीच्या अंमलबजावणीची कैवारी बनून फिरत होती. नैतिकतेच्या नावाखाली नको असलेल्या माणसांना धाकात ठेवण्याचं ते हत्यार होतं. दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेतली, त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीने हे भोगलेलं आहे.

ग्रॅनहोमच्या निकालातून आपण समतेचा मुद्दा जरूर घ्यावा. पण तो फक्त दोन वायनऱ्यांपुरता घेतला, तर आपल्या हाती काय येणार?

बंदीचं राज्य आणि सुटीचं बेट

आपल्याकडचं ताजं चित्र गुजरातमध्ये दिसतं. तिथला दारूबंदी कायदा मूळचा आपलाच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. जुलै 2022 मध्ये बोटाद परिसरात विषारी रसायन पिऊन 40 हून अधिक माणसं मेली. त्यातली बहुतेक कष्टकरी होती. डिसेंबर 2023 मध्ये त्याच राज्य सरकारने गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि पाहुण्यांना मद्यपानाची सवलत दिली. गुंतवणूकदार यावेत म्हणून बंदी वाकते. मजूर मेले म्हणून वाकत नाही.

बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून संपूर्ण बंदी आहे. मूळ कायद्यात अख्ख्या गावावर सामूहिक दंड बसवण्याची तरतूद होती, ती 2018 मध्ये काढावी लागली. डिसेंबर 2022 मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने 70 हून अधिक बळी गेले. आणि बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीमध्ये, जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली. प्रत्येक ठिकाणी मरणारा माणूस साधारण एकाच थरातला आहे. कायदेशीर बाटली त्याला परवडत नाही किंवा मिळत नाही, आणि बेकायदा पिशवीत मिथेनॉल असतं.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून 2021 पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात शेजारच्या जिल्ह्यांतून दारू येतच होती. ती अंगावर, दुचाकीवर, दुधाच्या कॅनमधून वाहणारी पोरं कोणाची होती? माल पाठवणारा ठोक विक्रेता जिल्ह्याबाहेर सुरक्षित, माल मागवणारा बंगल्यात सुरक्षित, आणि मधला बेरोजगार पोरगा कोठडीत. उद्या घरपोच दारूचं सर्रास जाळं उभं राहिलं, तर पाठीवर पिशवी घेऊन फिरणारा आणि परवान्यातल्या चुकीसाठी नाक्यावर अडवला जाणाराही तोच असेल.

मग आम्ही दारूच्या बाजूने आहोत का?

हा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांकडून येणार, आणि तो यायलाच हवा. आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलातलं पाचवं शील मद्यपानापासून दूर राहण्याचं आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. 1927 मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका, असं त्यांनी बजावलं होतं. दारूने आपल्या घरांचं किती वाटोळं केलं, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

पण तेच बाबासाहेब कायद्याच्या पातळीवर काय म्हणत होते, हेही वाचलं पाहिजे. 24 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर, म्हणजे आजच्या अनुच्छेद 47 वर, चर्चा झाली. जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या जगण्याशी आणि विधींशी जोडलेल्या पेयांचा मुद्दा मांडून विरोध केला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते कधी आणि कशा परिस्थितीत अमलात आणायचं याचं स्वातंत्र्य राज्याला आहे, हे स्पष्ट केलं. 1951 च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात तर विकासासाठी पैसा उभा करण्याच्या मार्गांमध्ये दारूबंदी रद्द करण्याचा मार्ग सांगितला होता.

यात विसंगती नाही. शील माणूस स्वतः, समजून, धारण करतो. कायदा सत्तेच्या हातात असतो, आणि जातीच्या समाजात सत्तेचा हात कोणाच्या मानगुटीवर आधी पडतो हे बाबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. धम्माचं काम पोलिसांकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते विहारात, घरात, मित्रमंडळींत आपल्यालाच करावं लागेल. भीमजयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला हाताला धरून बाहेर काढायला उत्पादन शुल्क विभागाचा निरीक्षक लागत नाही.

आणि आमच्या बायांनी उभारलेल्या दारूबंदीच्या लढ्यांचं काय? त्या लढ्यांसोबत आम्ही आहोत. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी 50 टक्क्यांहून अधिक जणींनी 'आडवी बाटली' केली तर दुकान बंद होतं. ही लोकशाही ताकद आहे आणि ती बायांनी झगडून मिळवली आहे. घरपोच विक्रीचा खरा धोका इथे आहे. मे 2020 मध्ये टाळेबंदीत महाराष्ट्राने परवानाधारकांना घरपोच दारू द्यायला परवानगी दिली, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. वॉर्डातलं दुकान बायांनी मतदानाने बंद केलं, पण शेजारच्या वॉर्डातून किंवा शेजारच्या राज्यातून बाटली थेट दारात आली, तर त्या मतदानाला अर्थ काय उरला?

आमच्या मागण्या

म्हणून परराज्यातली वाईन येऊ द्या की नको, या दोनच पर्यायांत आम्ही अडकणार नाही. कायदा बदलायचा असेल तर सगळ्यांसाठी बदला.

एक, स्वतःपुरती दारू बाळगणं किंवा पिणं यासाठी तुरुंग नको. उपद्रव केला, हिंसा केली, तर त्यासाठी वेगळी कलमं आहेत.

दोन, विषारी दारूच्या प्रत्येक प्रकरणात तपास भट्टीवाल्या बाईपाशी थांबू नये. मिथेनॉल कोणत्या कारखान्यातून निघालं आणि कोणाच्या हप्त्यावर पोहोचलं, तिथपर्यंत गेला पाहिजे.

तीन, दारूबंदी कायद्याखालच्या अटका आणि शिक्षा यांचे प्रवर्गनिहाय आकडे सरकारने दरवर्षी जाहीर करावेत. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त आणि भटके किती, हे समाजाला कळू द्या.

चार, घरपोच विक्रीला परवानगी द्यायची असेल, तर महिलांच्या मतदानाचा अधिकार तिलाही लागू करा. जिथे बाटली आडवी झाली, तिथे पार्सलही येणार नाही.

पाच, वाईनला जो आधार दिला तोच मोहाला द्या. वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्था, प्रक्रिया केंद्र आणि हमीभाव. त्यात खाद्यपदार्थ आणि औषधं आधी.

सहा, मद्याच्या महसुलातला ठरावीक वाटा प्रत्येक तालुक्यात मोफत व्यसनमुक्ती केंद्रासाठी बांधून ठेवा.

हे नुसतं लिहून होणार नाही. जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. मागच्या तीन वर्षांत किती धाडी पडल्या, कोणत्या वस्त्यांवर पडल्या, परमिट रूम किती तपासल्या, रिसॉर्ट आणि क्लब किती तपासले, ही माहिती मागा. आपापल्या तालुक्यात दोन-दोन कार्यकर्त्यांनी हे मनावर घेतलं तर महिन्या-दोन महिन्यांत चित्र कागदावर येईल. मग घरपोच वाईनवर बोलणाऱ्यांसमोर तो कागद ठेवू आणि विचारू की ज्या कायद्याने तुमची बाटली अडली, त्याच कायद्याने अडलेल्या या माणसांबद्दल तुमचं मत काय?

जय भीम! जय संविधान!